परिसरभेट : एकाही मुलाला काहीही दिसू न देता

शाळेच्या वार्षिक नियोजनात ‘परिसरभेट’ नावाचा एक रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. बालवर्गाला नव्याने लागलेल्या ताईंना या रकान्याची धास्ती वाटते. चार-पाच वर्षांची मुलं, उघडा रस्ता, वाहनं, आणि वर त्यांना काही शिकवायचं! ताई, धास्ती सोडा. शिकवायचं आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी? भेट द्यायची आहे. मी कित्येक वर्षं मुलांना पोस्टात, बागेत, अग्निशमन केंद्रात नेते आहे, आणि जशी नेली तशीच कोरी परत आणते आहे. हा अनुभव माझ्याबरोबर निवृत्त होऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहिणं.

सुरुवात ठिकाणापासून. ते लांबचं हवं. शाळेच्या समोरचं झाड, कोपऱ्यावर चाललेलं बांधकाम, पलीकडच्या गल्लीतला चप्पल शिवणारा, यांना भेट म्हणत नाहीत. तिथे बस लागत नाही, आणि जिथे बस लागत नाही तिथलं ज्ञान पालकांना पटत नाही. जवळच्या ठिकाणाचा आणखी एक मोठा धोका म्हणजे तिथे पुन्हा जाता येतं. आमच्याकडे एक उत्साही बाई होत्या. त्या मुलांना दर महिन्याला त्याच एका झाडापाशी न्यायच्या. पहिल्यांदा मुलं म्हणाली, “झाड आहे.” दुसऱ्यांदा म्हणाली, “मागच्या वेळी इथे पानं होती.” तिसऱ्यांदा एकीने विचारलं, “पानं पडली तेव्हा झाडाला कळलं का?” आता हा प्रश्न कुठल्या रकान्यात लिहायचा? वर्षातून एकदा, एकाच ठिकाणी, परत न जाण्याच्या बोलीवर जावं. मग काय बदललं हे कुणी विचारत नाही.

जाण्याआधी तो रस्ता स्वतः चालून बघू नका. त्याच बाई दोन दिवस आधी वही घेऊन जायच्या. सावली कुठे आहे, पदपथ कुठे फुटलाय, मुलांना टेकायला कट्टा कुठे आहे, मुलांच्या उंचीवर बघण्यासारखं काय आहे, हे सगळं टिपायच्या. एवढ्यावर भागलं नाही म्हणून आदल्या दिवशी वर्गात विचारायच्या, “पोस्टात काय काय असेल?” कुणी सांगायचं, तिथे पत्रं झोपतात. कुणी म्हणायचं, तिथे खूप कुलपं असतात. बाई हे सगळं मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायच्या. दुसऱ्या दिवशी मुलं पोस्टात शिरली ती थेट पत्रं कुठे झोपतात ते शोधायला. रांग मोडली, एकाने पिशवीत डोकं घातलं, आणि परत आल्यावर फळ्यावरच्या ओळी खऱ्या की खोट्या यावरून अर्धा तास भांडण. भांडणात नऊ मुलं अशी बोलली, की ज्यांचा आवाज आम्ही वर्षभर फक्त ‘हजर’ म्हणताना ऐकला होता. तुम्हाला हा गोंधळ हवाय का? नकोय ना? मग मुलांना आधी फक्त एकच गोष्ट सांगा: हाताची घडी, तोंडावर बोट.

संख्येबद्दल कंजूषपणा नको. सगळ्या तुकड्या एकदम न्याव्यात. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस असलं, की त्या माणसाला मुलांशी बोलावं लागतं, आणि बोलणं सुरू झालं की मुलं थांबतात. ऐंशी मुलांमागे चार ताई असल्या की कुणीच कुणाशी बोलत नाही. फक्त मोजणी होते. निघताना मोजा, उतरताना मोजा, आत मोजा, बाहेर मोजा. परिसरभेटीत गणित होतं ते हेच, आणि तेही मुलांचं नव्हे. सोबत लांब दोरी घ्या. सुरक्षेला ती चांगलीच, पण तिचा खरा गुण वेगळा आहे: दोरी धरून चालणाऱ्या मुलाला पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही. नाकासमोर चालणारी पिढी घडते ती अशी.

निसर्गाचीही याबाबतीत आपल्याला साथ आहे. चार वर्षांचं मूल साधारण 100 सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे त्याहूनही खाली. मोठ्यांसाठी बांधलेली खिडकी, टेबल, पाटी हे सगळं त्याच्या डोक्यावरून जातं, आणि हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. पोस्टाच्या खिडकीसमोर बालवर्ग उभा केला, की प्रत्येक मुलाला काउंटरखालची फळी स्वच्छ दिसते. खिडकीमागचं कामकाज आपण तोंडी सांगावं. एखादी ताई गुडघ्यावर बसून मुलाच्या नजरेने बघू लागली, तर तिला ताबडतोब उठवा. साडी मळते.

मुलाला दिसतं ते खालचं जग. पायऱ्या, कुत्र्याचे पंजे, भिंतीच्या फटीतलं रोपटं, सायकलची साखळी, पोस्टमन काकांच्या झिजलेल्या चपला. या काकांना भाषण करायला लावा. भाषणात खात्याची रचना आणि कामाचे प्रकार यावेत. मध्येच एखादं मूल विचारेल, “काका, तुमचे पाय दुखतात का?” काका उत्तर द्यायला खाली वाकायच्या आत आपण म्हणावं, “मध्ये बोलायचं नाही.” आमच्या एका भेटीत मी जरा उशीर केला, आणि काका चक्क पायरीवर बसले. ‘रोज किती जिने चढतो, कुठल्या दाराची घंटा वाजत नाही, कुठल्या घरी आजी पत्र वाचून दाखवायला सांगते’ असं सांगत राहिले. वीस मिनिटं एकही मूल हललं नाही. खात्याची रचना मात्र राहून गेली ती गेलीच.

प्रश्न आपण विचारायचे, आणि थांबायचं नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने वर्गातल्या संवादाच्या ध्वनिफिती ऐकून, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात ते मोजलं. एक सेकंद, अनेकदा तेवढंही नाही. (हे वाचून मला आपल्या पेशाविषयी भरून आलं.) मग याच बाईंनी नसतं खूळ काढलं: शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. झालं! मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी बोलू लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागली, एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागली. तीन सेकंदांत एवढं नुकसान. म्हणून सांगते, “हे काय आहे?” म्हणा आणि त्याच श्वासात “पत्रपेटी!” म्हणून मोकळ्या व्हा. मुलं मागून एका सुरात “पत्रपेटीऽऽ” म्हणतील. तो सूर लांबून फार गोड ऐकू येतो.

काही ताई चौकस असतात, त्या इतिहास काढतात. त्यांच्याशी वाद घालण्यापुरता इतिहास आपल्यालाही यायला हवा. फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला ‘मुलांची बाग’ अशा अर्थाचं नाव दिलं. मुलांनी खेळावं, माती उकरावी, रोपं वाढवावीत, असलं त्याचं म्हणणं. प्रशियाच्या सरकारला यातला धोका बरोबर कळला. 1851 मध्ये त्यांनी बालोद्यानांवर बंदीच घातली. म्हणे यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो. काही लोक म्हणतात, सरकारने फ्रोबेलची आणि त्याच्या पुतण्याची गल्लत केली. केली असेल. पण चार वर्षांचं पोर माती उकरताना सापडलं तर संशय घ्यावा, ही त्यांची दृष्टी चुकीची म्हणवत नाही. बंदी 1860 मध्ये उठली. तोवर फ्रोबेल जाऊन आठ वर्षं झाली होती. आता बंदीची गरज उरलेली नाही. वेळापत्रक पुरतं.

पुढे 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया मॉण्टेसोरी या डॉक्टर बाईंनी ‘मुलांचं घर’ नावाची बालशाळा काढली. त्यांनी मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं करवून घेतली आणि स्वतः बाजूला राहून मुलं काय करतात ते बघितलं. पगार घेऊन बघत राहायचं! आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर उलटाच प्रकार केला. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गेल्या, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. तिथे परिसरभेटीचा रकाना कसा भरत असतील, मला आजवर उलगडलेलं नाही. परिसरातून निघून परिसरात जायचं कसं?

असो. आपण बसने जातो.

परत आल्यावरचं काम सर्वांत सोपं, कारण ते जाण्याआधीच झालेलं असतं. वर्कशीट छापून तयार असावी. पत्रपेटीचं चित्र, खाली “रंग भर”, कंसात रंगाचं नाव. शेजारी “तू काय पाहिलंस?” असा प्रश्न आणि उत्तरासाठी एक ओळ, जिच्यात मावेल असं उत्तर फळ्यावर लिहून दिलेलं. मुलांना कोरा कागद देऊ नका. कोऱ्या कागदावर मुलं पोस्ट काढत नाहीत. एकाने नुसत्या चपला काढल्या होत्या. दोन. कागदभर.

लाकडी ठोकळे असतील तर त्या दिवशी कपाटाला कुलूप. न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट नावाच्या बाईंनी 1914 मध्ये शाळा काढली. त्या मुलांना गोदीवर, रस्त्यांवर न्यायच्या आणि परत आल्यावर ठोकळे द्यायच्या. ठोकळे मापात कापलेले. दोन छोटे जोडले की एक मोठा होतो. मुलं जे बघून आली ते जमिनीवर बांधायची, आणि बांधताना अडायची. ‘बोटीतला माल रस्त्यावर कसा येतो? पुलाखालून बोट जाते तर पूल केवढा उंच?’ मग पुन्हा बघायला जायचं. बघा, एक भेट संपत नाही तोच दुसरी. आमच्या उत्साही बाईंनीही हे करून पाहिलं. मुलांनी पोस्ट बांधलं, त्याला दार केलं नाही. बाईंनी विचारलं, पत्रं आत कशी जाणार? मुलं विचारात पडली. सुट्टीची घंटा झाली तरी विचारातच होती. शेवटी शिपाईमामांनी ठोकळे गोळा केले.

पालकांसाठी फोटो लागतात, ते पोचल्या पोचल्या काढावेत. तेव्हा मुलांचे केस बसलेले असतात. फलक पुढे, मुलं मागे, ताई बाजूला. एखादं मूल फोटोत दुसरीकडेच बघत असेल तर फोटो पुन्हा घ्या. नेहमी एक तरी असतंच तसं. मुख्याध्यापकांना द्यायचा अहवाल मी आदल्या रात्री लिहून ठेवते: ‘विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला. त्यांच्या निरीक्षणशक्तीत वाढ झाली.’ तारीख तेवढी मोकळी सोडते, पाऊस पडला तर म्हणून.

एवढी काळजी घेऊनही चूक होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मागच्या वर्षी पोस्टातून बसकडे येताना रांग अचानक थांबली. दोरीच्या मध्यावरचा एक मुलगा खाली बसला होता. वर्षभर वर्गात तो कुणाशी बोलला नव्हता. आमची भाषा त्याच्या घरची नाही, म्हणून आम्हीही फारसा आग्रह धरला नव्हता. रस्त्याच्या कडेला गटाराचं लोखंडी जाळीचं झाकण होतं आणि तो त्याला कान लावून बसला होता. “ऊठ,” म्हटलं. उठेना. त्याने माझा हात धरून खाली ओढला आणि झाकणाकडे बोट दाखवलं. खालून पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने बोट रस्त्याच्या कडेकडेने फिरवत नेलं: पुढच्या झाकणापर्यंत, त्याच्या पुढच्या झाकणापर्यंत, वळणापर्यंत. आणि माझ्याकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. शेवटी ‘कुठे’सारखा एक शब्द होता.

तोवर दोरीवरची सगळी मुलं खाली बसली होती. एकीने जाळीतून पान टाकलं आणि पुढच्या झाकणाशी पळत जाऊन वाकून बघायला लागली. दोघं तिच्या मागे. कुणीतरी त्या मुलाला विचारलं, “दिसलं का?” आणि तो “नाय” म्हणाला. आमच्या भाषेतला त्याचा पहिला शब्द. बसवाला हॉर्न वाजवत होता. मोजणी पूर्ण चुकली, सहा मुलं जास्त भरली, कारण दुसऱ्या शाळेची मुलंही येऊन बसली होती. आम्हाला शाळेत पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला आणि वर्कशीट घरी द्याव्या लागल्या.

यंदा मार्ग बदलला आहे. मी स्वतः चालून बघून आले. त्या रस्त्याला झाकणं नाहीत.