आर्जिनिन आणि पीटी-१४१ एका माळेत नकोत

पुरुषांमधल्या ताठरतेच्या तक्रारीवरच्या तुमच्या लेखात आर्जिनिनची पावडर आणि पीटी-१४१ चं इंजेक्शन, दोन्ही ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून एकाच माळेत ओवलेत, ते खटकलं. आर्जिनिन हे अमिनो आम्ल. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि लिंगाला ताठरता येते. (याच वायूवरच्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालंय, तेव्हा तर्क अगदीच पोकळ नाही.) पण तोंडाने घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतडं आणि यकृतच फस्त करतं. सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल त्यातून निसटतं, मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. हे सिट्रुलिन कलिंगडात असतं, म्हणून कुणी फोडीवर फोडी खाऊन चमत्काराची वाट बघू नये!

पीटी-१४१ म्हणजे ब्रेमेलानोटाइड हे औषध. ते मेंदूवर काम करतं. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांमधल्या कामेच्छा कमी होण्याच्या तक्रारीसाठी, पुरुषांसाठी नव्हे. मळमळ होते, रक्तदाबही काही काळ चढतो. ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेली कुपी ऑनलाइन मागवून स्वतःच टोचून घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर आर्जिनिनसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि रक्तातली साखर तपासायचं लेखात राहूनच गेलं. माझ्या एका मित्राचा मधुमेह ताठरतेच्या याच तक्रारीमुळे उघड झाला.