कॅनडाचं भाडं सरकारने भरलं नव्हतं

'बटाटा दुष्काळात ब्रिटिश सरकारने लाखो आयरिश लोकांना फुकटात कॅनडाला पोचवलं' असा मजकूर फिरतोय. तो खरा नाही. (बटाटा दुष्काळ म्हणजे १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेला दुष्काळ.) बहुतेकांनी भाडं स्वतःच भरलं, नाहीतर आधी गेलेल्या नातलगांनी पैसे धाडले. थोड्यांचं जमीनदारांनी भरलं, तेही हिशेब मांडून. गरिबांना पोसायचा कर जमीनदारांच्याच माथी होता. त्यापेक्षा जहाजभाडं स्वस्त पडे! रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार डेनिस मेहन याने १८४७ साली जवळपास दीड हजार माणसं अशी कॅनडातल्या क्यूबेककडे काढून दिली. कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत पायपीट, मग लिव्हरपूलहून जहाज. त्यातल्या 'व्हर्जिनियस'वरच्या ४७६ जणांपैकी १५८ वाटेतच दगावले. त्याच नोव्हेंबरात मेहनचा गोळ्या घालून खून झाला.