बाटली एक, कामं तीन आणि माझं बॉनेट

मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि तीन आठवड्यांपूर्वी ऑल-इन-वन पॉलिशने 'गेलेले' सगळे ओरखडे जागच्या जागी हजर! तेच गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गाडी काळी, म्हणजे लपवायला जागाच नाही. याच बॉनेटचा फोटो मी मोठ्या हौसेने इथे टाकला होता आणि तुम्ही भरभरून लाइक दिले होते. परत घ्यायचे असतील तर घ्या, माझी हरकत नाही.

ओरखडे मुळात गेलेच नव्हते. बुजले होते.

गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. धुताना-पुसताना कपड्यात अडकलेली धूळ त्यावर बारीक चरे पाडते. चरा खरंच घालवायचा तर आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणावा लागतो. म्हणजे गाडीला चमक येते ती तिचंच थोडंसं अंग झिजवून. दुसरा मार्ग सोपा: चऱ्यात तेल आणि फिलर, म्हणजे भर घालणारा माल, बसवायचे. उजेड सरळ परततो, डोळा फसतो, मालक खूश. मग चार-पाच वेळा शाम्पूने गाडी धुतली की पितळ उघडं पडतं.

ऑल-इन-वन पॉलिशमध्ये घासणारे कण, बुजवणारी तेलं आणि वर राहून रंगाला संरक्षण देणारं वॅक्स किंवा सीलंट हे सगळं एकत्र असतं. प्रमाण मात्र बाटलीगणिक वेगळं, आणि ते लेबलवर कोणी लिहीत नाही. क्लासे ऑल-इन-वनचंच उदाहरण घ्या. ते जवळजवळ घासतच नाही, रसायनाने रंग साफ करून वर अ‍ॅक्रिलिकचा थर ठेवतं. ऑटोग्लिमचं सुपर रेझिन पॉलिश हलकं घासतं आणि बारीक जाळं छान बुजवतं. थ्रीडीचं स्पीड घासण्याच्या बाजूला झुकलेलं, त्याला मशीन हवं. तिन्ही आपापल्या जागी चांगली. पण 'यातलं बेस्ट कुठलं?' असं विचारणं म्हणजे झाडू, फडकं आणि चादर यातलं बेस्ट कुठलं, असं विचारण्यासारखं आहे.

मला विचाराल तर मशीन हातात असेल तेव्हा घासणारंच घ्या. संरक्षण कधीही देता येतं. गाडी धुतल्यावर स्प्रे सीलंट मारला की दहा मिनिटांत काम झालं. तसंही ऑल-इन-वनमधलं संरक्षण काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं. क्लिअर कोट मात्र एकदाच मिळतो. त्याला हात लावायचाच तर एकदा लावा आणि खरं काम करून घ्या. बुजवणाऱ्या बाटलीचं व्यसन लागतं. जाळं परत दिसलं की पुन्हा बाटली, पुन्हा पॅड, आणि थोडा थोडा क्लिअर कोट तर तेव्हाही झिजतच असतो.

अपवाद आहेत. गाडी जुनी असेल, आधी दोन-तीनदा मशीन फिरलेलं असेल, थर किती उरलाय याचा भरवसा नसेल, तर बिनधास्त बुजवा, त्यात लाज कसली? नुसत्या हाताने करणार असाल तरीही तेच. हाताने घासून जाळं फारसं जात नाही, खांदा तेवढा जातो.

बाबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर हेच पॉलिश फिरवलं, तर दोन मिनिटांत पॅड खडूसारखं पांढरं झालं. पोटात गोळाच आला माझ्या. मग लक्षात आलं की या गाडीला क्लिअर कोटच नाही, जुन्या पद्धतीचा एकथरी रंग आहे आणि वरचा विटलेला रंग निघतोय. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "अरे, मूळ रंग असा होता होय!"

सिरॅमिक कोटिंग करणार असाल तर शेवटच्या हाताला ऑल-इन-वन नकोच. खाली तेल-वॅक्स राहिलं की कोटिंग नीट धरत नाही. आणि मॅट रंगाच्या गाडीपासून ही बाटली चार हात लांब ठेवा.

बाटली खरं बोलते की नाही हे पाहायला तिची जाहिरात वाचू नका. बॉनेटवर मास्किंग टेपने साधारण अर्धा मीटरचा चौकोन आखा. आधी गाडी धुवून तिच्यावर क्ले (रंगाला चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा) फिरवलेला हवा, नाहीतर चिकटलेली घाणच रंगावर रगडाल. चौकोनात पॉलिश करा, पुसा, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुन्हा पुसा. तेल निघून जातं. टेप काढा, टॉर्च धरा. चौकोनाची कड अजूनही स्पष्ट दिसली तर बाटलीने घासलंय. दिसली नाही तर बुजवलं होतं. (त्यात संरक्षणही पुसलं जातं, तेवढ्या जागेवर हात परत फिरवायचा.) काम कमी वाटलं तर बाटली बदलण्याआधी पॅड बदला. तेच पॉलिश मऊ फोमवर एक वागतं आणि मायक्रोफायबर पॅडवर भलतंच. रंग कडक की मऊ यानेही फरक पडतो. टेप उरली तर काळ्या प्लॅस्टिकवरही लावा. मी कंटाळा केला आणि मग टूथब्रशने पांढरे डाग खरवडत बसलो.

कंपाउंड (जास्त घासणारं), पॉलिश, सीलंट असं वेगवेगळं करणारे आता म्हणतील की त्याची सर याला नाही. कबूल. पण माझी गाडी रोज रस्त्यावर असते, पुढच्याच धुण्यात नवे चरे पडायला सुरुवात होणार. निम्म्याहून जास्त जाळं गेलं तरी मला पुष्कळ.

काल दुसऱ्या बाटलीने बॉनेट केलं, अल्कोहोलने पुसलं. जाळं बऱ्यापैकी गेलंय. उजव्या दिव्याच्या वर एक चरा अजून आहे, नख अडकतं त्यात. त्याच्या नादी लागलो नाही. यावेळचा फोटो टॉर्च लावूनच काढलाय.