फायटरला आधी जागा द्या, सोबतीचं नंतर बघू

फायटर मासा घरी आणायचं ठरवलं असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो. किमान २० लिटर पाण्याचा टँक घ्या आणि त्यात तो एकटाच ठेवा. सोबत द्यायचीच असेल तर दोन फुटी टँकपासून पुढे विचार करा, आणि तेव्हाही सोबती पारखून घ्या. काचेचा वाडगा, फुलदाणी, ऑफिसच्या टेबलावर ठेवायचा तो वीतभर चौकोनी डबा, यांतलं काहीच या माशाचं घर होऊ शकत नाही. फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही जा, काउंटरवर प्लास्टिकच्या पेल्यांत फायटर रांगेने मांडलेले दिसतात. दुकानदाराची अडचण मला समजते, नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतील. पण तो पेला विक्रीपुरता आहे. आपण तीच व्यवस्था घरी आणून तिला हौस म्हणतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘तो तिकडे डबक्यातच राहतो, त्याला कशाला एवढं पाणी?’ फायटर मूळचा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. भातशेतं, दलदली, संथ कालवे ही त्याची जागा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. भातशेतातलं पाणी वीतभर खोल असतं हे खरंच आहे. पण ते किती दूरवर पसरलेलं असतं हे गोव्याच्या माणसाला कोणी सांगायला नको. जुलैत दिवाडीला किंवा चोडणला जाऊन शेतांकडे नजर टाका. पाणी उथळ, पण नजर पोचेपर्यंत. त्यात रोपांचे बुंधे, गवत, सावली, लपायला शंभर जागा. नर तिथे आपला तुकडा राखतो, पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो, दुसरा नर आला की हुसकावतो, आणि हरलेल्याला पळून जायला वाट असते. वाडग्यात यातलं खोली सोडून काहीही नाही.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. फायटर वर येऊन हवा घेतो, म्हणून त्याला घाण पाणी चालतं असं लोक धरून चालतात. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि त्याने तो हवेतला ऑक्सिजन थेट घेतो. आपल्याकडची मरळसुद्धा हवा घेते, तिच्याकडे साधारण त्याच कामाचा अवयव आहे. पण कल्ले तर पाण्यातच असतात ना! विष्ठा, उरलेले खाण्याचे दाणे आणि माशाचे स्वतःचे कल्ले, या सगळ्यांतून पाण्यात सतत अमोनिया उतरत राहतो. तेवढाच अमोनिया १ लिटरच्या वाडग्यात पडला तर २० लिटरच्या मानाने वीसपट तीव्र होतो. हवेचा श्वास त्याला गुदमरू देत नाही, पण कल्ले आणि पर भाजायचे थांबत नाहीत. शिवाय पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी वाटा वाढतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या घरातल्या पाण्याचं तापमान सहज तिशीच्या वर असतं, तेव्हा वाडग्यातल्या माशाचं काय होत असेल ते बघा.

मोठ्या टँकमध्ये हे काम जिवाणू करतात. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर ते वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून टँक आधी लावायचा आणि मासा नंतर आणायचा. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्यावर आले की तयारी झाली. त्यानंतर दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदललं की पुरे. वाडग्यात ही वस्ती टिकतच नाही, कारण दर दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून, दगड घासून धुतले जातात, आणि मासा प्रत्येक वेळी नव्या पाण्याचा धक्का खातो.

टँक विकत घेताना पेटीवर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, टेप लावा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. ४५ × २५ × २५ म्हणजे २८ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी २३-२४ लिटर. एका फायटरसाठी मला हे माप सगळ्यात आवडतं. तेवढ्याच पाण्याचा उंच, बारका टँक मात्र घेऊ नका. हाफमून जातीच्या नराची शेपटी इतकी जड असते की हवा घ्यायला प्रत्येक वेळी दीड फूट चढणं त्याला दमवतं. आडवा पसरलेला टँक, पृष्ठभागाजवळ टेकायला एखादं रुंद पान, आणि वर झाकण. झाकण हवंच, हे मासे उडी मारतात. पाणी आणि झाकण यांच्यात दोन बोटं हवा ठेवा.

फिल्टर साधा स्पंजचा. जोराचा प्रवाह लांब परांच्या माशाला ढकलत नेतो. झाडं म्हणून अनुबियास आणि जावा फर्न, दोघांनाही फार उजेड लागत नाही आणि मुळं वाळूत पुरावी लागत नाहीत. हीटरची गरज किनाऱ्याकडे सहसा पडत नाही. सत्तरी, सांगे भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र गारठा असतो. पाणी २४ अंशांच्या खाली जायला लागलं की थर्मोस्टॅटचा छोटा हीटर लावा. २६ ते २८ अंश त्याला मानवतं.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गोव्यात घरोघरी ते वेगळं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाला आणि जिवाणूंना दोघांनाही मारतं, म्हणून क्लोरीन काढायचं औषध घातल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नका. विहिरीच्या पाण्यात तो प्रश्न सहसा नाही. आपल्या तांबड्या दगडाच्या जमिनीतलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं, आणि फायटरला ते छान मानवतं. पण खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, कडेला विहीर असेल तर उन्हाळ्यात चव घेऊन बघा, खारटपणा वाढतो. आणि हो, ज्या देशी बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) पानं आपण अंगणातून झाडून जाळतो, तीच पानं जगभरचे फायटर पाळणारे विकत घेतात! झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, कडक वाळलेलं पान घ्यायचं, धुऊन सोडायचं. पाण्याला चहासारखा रंग येतो, ते जरासं आम्ल होतं, आणि माशाला त्याच्या मूळच्या पाण्यासारखं वाटतं. रस्त्याकडेची धूर-धूळ खाल्लेली पानं तेवढी नकोत.

आता सोबतीचा विषय, ज्यावरून माझे सगळ्यांशी वाद होतात.

‘एकलोच? ताका सांगात नाका?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, बहुतेकदा आजी विचारते, आणि त्यामागची माया खरी असते. पण फायटर कळपात राहणारा मासा नाही. दुसरा मासा त्याला मित्र वाटत नाही, आपल्या हद्दीत शिरलेला वाटतो. २० लिटरमध्ये ती हद्द म्हणजे सगळा टँकच. एकटा फायटर पानांमधून फिरतो, माणसाला ओळखतो, खायला दिसलं की पुढे येतो. तो उदास नसतो. टँक रिकामा वाटतो तो आपल्याला.

दुकानात सगळ्यात आधी सुचवतात गप्पी. माझ्या मते हीच जोडी सगळ्यात वाईट. नर गप्पीची रंगीत, झुलती शेपटी बघून फायटर तिला दुसरा नर समजतो आणि फाडतो. गुरामी तर त्याच्याच गोतातला, हवा घेणारा आणि हद्द राखणारा, म्हणून तोही नको. टायगर बार्ब फायटरचे पर कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी हवं आणि तो घाण अफाट करतो. मॉलीला कठीण, क्षारांचं पाणी लागतं, आपल्या विहिरीच्या पाण्यात ती खंगते. काच साफ करायला म्हणून देतात तो बोटाएवढा सकर फुटाच्या वर वाढतो. आणि ‘माद्या एकत्र चालतात’ हेही अर्धसत्य आहे. माद्यासुद्धा भांडतात, सगळ्यात कमजोर मादी कोपऱ्यात उपाशी राहते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग चालतं कोण? ६० × ३० × ३० चा, म्हणजे ५४ लिटरचा टँक आणि भरपूर झाडं असतील तर हार्लेक्विन रास्बोरा, आठ-दहाच्या थव्याने. ते मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राकडचे, मऊ आणि उबदार पाण्यातलेच. शेपट्या आखूड, चपळ, मधल्या थरात राहणारे. तळाला कुहली लोच, पाच-सहा, बारीक वाळूवर. दिवसा लपतात, रात्री फिरतात, फायटरच्या वाटेला जात नाहीत. सगळीकडे कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या माशाची शिफारस होते, पण त्यातला दुकानांत सहज मिळणारा ठिपक्याठिपक्यांचा पेपर्ड कोरी थंड पाण्यातला आहे, आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. कोरीच हवा असेल तर उष्णता सोसणारा स्टर्बाय शोधा. नेराइट गोगलगाय चांगली, शेवाळ खाते, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, म्हणून टँक गोगलगायींनी भरून जात नाही. चेरी कोळंबी सोडाल तर पिल्लं फायटरच्या पोटात जाणार हे गृहीत धरा.

सोबती आधी सोडा, फायटर शेवटी. तो आधी आला तर सगळा टँक आपला मानून बसतो. खाण्याकडेही लक्ष हवं. तो दुसऱ्यांच्या वाटचं खातो आणि फुगतो. मुख्य म्हणजे प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा. एकाच्या शेजारी रास्बोरा सुखाने नांदतील, दुसरा त्यांना दिवसभर पळवेल. म्हणून वेगळा टँक लगेच लावण्याची सोय नसेल तर सोबतीचा प्रयोग करूच नका.

आणखी एक, खास आपल्याकडचं. पावसात वीज जाते आणि तासन् तास येत नाही. पंप बंद पडला की फायटर वर येऊन श्वास घेऊन तग धरतो, पण रास्बोराकडे तो अवयव नाही. भरलेल्या टँकमध्ये ते आधी धापा टाकायला लागतात. सोबती ठेवणाऱ्याने बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवलाच पाहिजे.

कंटाळा आला म्हणून मासे व्हाळात, तळ्यात, खाजनात सोडू नका. ऑस्ट्रेलियात अॅडलेड नदीच्या पूरमैदानात सोडलेल्या फायटरनी वस्ती केली आहे. केरळात सकर असाच नद्यांत पसरला. आपलं पाणी, आपली शेतं या दोघांनाही मानवण्यासारखीच आहेत. सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, नाहीतर दुकानात परत नेऊन द्या.

फोंड्याच्या आसपास कोणाला नवा टँक लावायचा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, माझ्या चालू टँकमधला जिवाणूंनी भरलेला स्पंज देतो. त्याने साखळी बसायला लागणारा वेळ बराच कमी होतो, तरी मासा आणण्याआधी किटवर तपासायचंच. येताना झाकणाचा डबा आणा, स्पंज टँकच्याच पाण्यात ओला न्यावा लागतो, आणि तुमचा टँक पाणी भरून, क्लोरीन काढून आधीच तयार ठेवा.