सॅमन तव्यावर करू नका म्हणे!

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतंय, वर ठळक अक्षरात 'परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत पोचवा' वगैरे. मजकूर थोडक्यात असा: सॅमन हा विलायती मासा घरी तव्यावर फ्राय करणं म्हणजे विकतचं दुखणं, कारण तापला की आतून पांढरं केमिकल बाहेर येतं, गुलाबी रंग इंजेक्शनने भरलेला असतो, सगळं विष कातडीत असतं म्हणून ती सोलून फेका, करायचाच असेल तर आधी मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी 'रस लॉक' करून मग झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवा, एवढं करूनही ओमेगा-३ जळून शून्य, आणि रावस हाच आपला सॅमन असताना हे पैसे घालवायचे कशाला. आमच्या घरच्या ग्रुपवर आलं तेव्हा एका वहिनींनी लगेच खाली विचारलं, फ्रीजरमध्ये दोन पाकिटं आहेत, टाकून देऊ का?

नका टाकू वहिनी. एकेक मुद्दा बघू.

पांढरं केमिकल. तुकडी भाजताना बाजूच्या फटींतून दह्याच्या चोथ्यासारखं जे पांढरं फुटून येतं ना, ते प्रोटीन आहे, त्याला सरसकट अल्ब्युमिन म्हणतात. माशाच्या स्नायूंमधल्या पाण्यात ते विरघळलेलंच असतं, गरम झालं की स्नायूंचे धागे आकसतात, ते पाणी बाहेर ढकललं जातं आणि पृष्ठभागावर येऊन गोठतं. बस्स एवढंच. अलास्काच्या समुद्रात पकडलेल्या जंगली सॅमनमधूनही हेच येतं, ज्याला कुणी कधी खाद्य घातलेलं नसतं की औषध दिलेलं नसतं. खायला काही अपाय नाही, फक्त दिसायला बरं दिसत नाही. आणि ते ढीगभर यायला लागलं तर समजायचं की आच जास्त झालीय किंवा तुकडी तव्यावर फार वेळ राहिलीय. कमी करायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम मीठ विरघळवून तुकड्या १० मिनिटं त्यात बुडवून ठेवा, मिठाने वरच्या थरातली प्रोटीन्स सैल होतात आणि तेवढी घट्ट आकसत नाहीत. पूर्ण बंद नाही होत, पण फरक दिसतो.

रंगाचं इंजेक्शन. यात अर्धं खरं आहे आणि अशी अर्धी खरी गोष्टच जास्त फिरते. जंगली सॅमन कोळंबीसारखे छोटे कवचवाले जीव खातो, त्यांच्यात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं, गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातलं, ते मांसात साठतं म्हणून तो केशरी-गुलाबी. नॉर्वे, स्कॉटलंड, चिलीच्या फार्ममध्ये ते जीव खायला मिळत नाहीत, म्हणून खाद्याच्या गोळ्यांतच अ‍ॅस्टाझँथिन घालतात, बऱ्याचदा कारखान्यात बनवलेलं, काही ठिकाणी यीस्ट किंवा शेवाळातून काढलेलं. घातलं नाही तर मांस फिकट राखाडी दिसेल आणि गिऱ्हाईक हात लावणार नाही, हे उघड आहे, मासेवाल्या कंपन्यांकडे तर चक्क रंगाच्या छटांची पट्टी असते किती गडद हवा ते ठरवायला. म्हणजे रंग दिसण्यासाठी दिला जातो हो, त्यावर कुणाला राग येत असेल तर येऊ दे, मला पण ती पट्टी बघून जरा विचित्रच वाटलं. पण इंजेक्शन? रंग खाद्यातूनच जातो, टोचून नाही, एवढं तरी फॉरवर्ड करणाऱ्याने बघायचं. आणि गंमत म्हणजे चिनूक जातीतले काही जंगली सॅमन जन्मजात पांढरे असतात, तेच खाऊनही रंग साठवू शकत नाहीत, आणि ते महाग विकले जातात.

कातडीतलं विष. इथे जरा थांबायला लागेल कारण दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. पारा कातडीत नसतो, तो मांसातल्या प्रोटीनला चिकटून असतो, त्यामुळे सोलून काही उपयोग नाही. आणि सॅमनमध्ये मुळात कमी असतो, अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथलं अन्न-औषध खातं) यादीत सरासरी ०.०२२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, तर किंग मॅकरेलमध्ये (आपल्या सुरमईची चुलतबहीणच ती) ०.७३. पीसीबी, डायॉक्सिनसारखी प्रदूषणातून येणारी जी रसायनं आहेत ती मात्र चरबीत साठतात आणि कातडीखाली चरबी असते, हे बरोबर. २००४ मध्ये मोठा अभ्यास आला होता, फार्मच्या सॅमनमध्ये ती जंगलीपेक्षा जास्त सापडली, या सगळ्या भीतीला तेव्हापासून खतपाणी मिळालंय. पण तेव्हा खाद्य मुख्यतः मासळीचं तेल आणि कुटी यांचं असायचं. नॉर्वेत १९९० च्या सुमाराला खाद्याचा ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला, बाकी सोया, रेपसीड वगैरे, आणि त्याबरोबर ही रसायनंही कमी झाली. कातडी काढायचा सरकारी सल्ला आहे, नाही असं नाही, पण तो प्रामुख्याने प्रदूषित नद्या-तळ्यांत स्वतः गळ टाकून पकडलेल्या माशांसाठी आहे, दुकानातल्या पाकिटासाठी नाही.

आणि तव्यावर करायचं तर कातडीच तुमची मैत्रीण आहे. तीच आच अंगावर घेते आणि वरचं मांस हळूहळू शिजतं. घरी फसतं ते बऱ्याचदा पाण्यामुळे. आपल्याला मासा धुवून, हळद-मीठ-आगळ लावून अर्धा तास मुरवत ठेवायची सवय, बांगड्याला ते फर्स्ट क्लास, पण इथे ओली कातडी तव्यावर पडली की आधी ते पाणी वाफ होऊन जाणार, तोपर्यंत तव्याची उष्णता त्यातच संपणार, कातडी शिजून चिवट होणार आणि चिकटणार, वर आगळाच्या आंबटाने मांसाचा बाहेरचा थर आधीच पांढुरका पडलेला. तर मिठाच्या पाण्यातून काढलात की पेपर नॅपकिनने दाबून दाबून कोरडी करा, मग सुरीची बोथट बाजू कातडीवरून ओढा, अजून पाणी निघतं, ते परत पुसा. बिडाचा तवा किंवा जाड स्टीलचं पॅन, चमचाभर शेंगदाणा तेल, तेल पातळ होऊन हलवल्यावर लाटा दिसायला लागल्या पण धूर नाही, त्या क्षणी तुकडी कातडीकडून खाली. लगेच ती कमान करून वर उठायला बघते, कारण कातडी आकसते, तेव्हा उलथन्याने १५ सेकंद सपाट दाबून धरा आणि आच मध्यम करा. मग हात बांधून बसा. चिकटलीय म्हणून खरवडायला जाऊ नका, खरपूस झाली की ती आपणहून सुटते. कडेने बघत राहा, खालून वर फिकट रंगाची रेघ चढताना दिसेल, इंचभर जाड तुकडीला पाच-सहा मिनिटांत ती पाऊण उंचीवर येते, तेव्हा उलटायची, आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम मिनिटभर. लिंबू ताटात, तव्यात नाही.

रस लॉक आणि झाकण. मोठ्या आचेने बाहेरचा थर बंद होऊन रस आत राहतो ही कल्पना लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टने एकोणिसाव्या शतकात मांडली, आणि १९३० च्या दशकात लोकांनी मांसाचे तुकडे आधी-नंतर वजन करून बघितले तर रस तसाच जात होता. खरपूस थराने चव येते, वास येतो, पण बाटलीला बूच लावल्यासारखं काही होत नाही. त्यात वरून झाकण म्हणजे वाफ परत कातडीवर, केलेलं सगळं पाण्यात. आणि पंधरा मिनिटं? हे मटण नाही हो. माशात चिवट कोलॅजन फारच कमी, जास्त वेळ शिजवून मऊ होईल असं त्यात काही नसतंच, कोरडा भुसा होतो फक्त. तुकडीच्या आतल्या तापमानाचा अमेरिकेचा सरकारी आकडा ६३ अंश सेल्सिअस आहे, अनेक आचारी ५० ते ५२ ला उतरवतात, जंगली सॅमनमध्ये चरबी कमी म्हणून तो अजून लवकर. घरात कुणी गरोदर असेल, फार म्हातारं माणूस असेल, किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर ६३ च धरा, तिथे स्टाइल मारायची नाही. जंगली माशातल्या कृमींची शंका असेल तर मासा -२० अंशाला सात दिवस गोठवलेला हवा, घरचा फ्रीजर बऱ्याचदा तेवढा थंड नसतो, त्यामुळे तो पूर्णच शिजवा.

ओमेगा-३ शून्य. नाही. तव्यावर थोड्या तेलात केलेल्या सॅमनमधलं बहुतेक ओमेगा-३ जागेवरच राहतं, थोडं चरबीबरोबर तव्यात उतरतं. तळलेले मासे टाळा असं हृदयवाले डॉक्टर सांगतात ते पिठात बुडवून कढईत सोडलेल्या माशाला जास्त लागू आहे, तिथे मासा तेल पितो. खरी तक्रार करायची तर वेगळी आहे आणि ती फॉरवर्डमध्ये नाहीच: खाद्यात वनस्पती तेल वाढल्यामुळे फार्मच्या सॅमनमधलंच ओमेगा-३ कमी झालंय, स्कॉटलंडच्या माशांत २००६ ते २०१५ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे रसायनं घटली त्याच कारणाने हेही घटलं. तरी बहुतेक माशांपेक्षा ते जास्तच आहे.

रावस हाच आपला सॅमन. इंग्रजीत त्याला इंडियन सॅमन म्हणतात एवढंच, नातं काही नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली मिशांसारखे चार सुटे धागे लोंबतात, सॅमनच्या कुळात असलं काही नसतं. मांस पांढरं, चरबी कमी. मुंबईत किंवा कोकणात ताजा रावस समोर असताना गोठवलेलं विलायती पाकीट घ्यायचं का, तर मी तरी नाही घेणार, तेवढ्यापुरतं फॉरवर्डशी पटतं. पण मग त्याला वरची कृती लावू नका, आगळ, मसाला, रवा आणि जरा सढळ तेल, रावसाला तेच हवं. आणि सॅमनला रवा नको, स्वतःच्याच चरबीत खरपूस होणाऱ्या कातडीवर रव्याचा थर दिला की ती चरबी रवा पिऊन टाकतो आणि तोंडात नुसता तेलकट लगदा येतो.