चार्ल्स चर्चिलने कुणाचेही पैसे बुडवले नाहीत

चार्ल्स चर्चिल (विन्स्टन नव्हे, हा अठराव्या शतकातला लंडनचा उपरोधिक कविता लिहिणारा पाद्री) याच्याबद्दल एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय, की हा दारुडा पाद्री, लोकांची देणी बुडवली, चर्चने हाकलला आणि मग सरकारवर तुटून पडणारा खासदार जॉन विल्क्स याच्या पैशावर शिव्या लिहून जगला. वाचून खरंच राग येतो.

आधी देण्याचं बघू. वडील गेल्यावर 1758 मध्ये त्याला वेस्टमिन्स्टरच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्यांच्याच जागी काम मिळालं, पगार तुटपुंजा, घरात बायकापोरं, कर्ज होणारच ना. त्याचे जुने मास्तर डॉ. लॉइड मध्ये पडले आणि सावकारांनी पौंडामागे पाच शिलिंग, म्हणजे रुपयाला चार आणे, एवढ्यावर तडजोड केली. कायद्याने विषय संपला होता. पण 1761 मध्ये त्याची 'द रॉशियाड' ही कविता तुफान खपली, हातात पैसा आला आणि या माणसाने उरलेली पै न पै फेडली, कुणी मागितली नसताना! याला बुडवणं म्हणतात?

ही कविता लंडनच्या नटनट्यांवर होती, प्रकाशक भाव देईनात म्हणून स्वतःच्या जोखमीवर छापलेली. तेव्हा विल्क्सचं 'नॉर्थ ब्रिटन' हे सरकारविरोधी साप्ताहिक सुरूही झालं नव्हतं, ते निघालं 1762 ला. मग विल्क्सचा पैसा आला कुठून? उलट राजाच्या भाषणावर टीका करणाऱ्या 45व्या अंकावरून विल्क्सला पकडायला माणसं घरात आली होती, चर्चिललाही धरायचे हुकूम होते आणि हा नेमका तेव्हाच दारात आला. विल्क्स म्हणाला, या मिस्टर थॉमसन, मिसेस थॉमसन कशा आहेत? चर्चिलने इशारा ओळखला आणि सटकला.

चर्चने हाकललं हेही अर्धवट. त्याच्या भपकेबाज कपड्यांवरून तक्रारी झाल्या हे खरं, पण 1763 ला राजीनामा त्यानेच दिला.

दारूचं म्हणाल तर प्यायचा, बायकोलाही सोडलं, ते मी झाकत नाही. पण हातात बिअरचा मग धरलेलं पाद्र्याच्या वेषातलं अस्वल हे त्याचं चित्र काढलं चित्रकार होगार्थने, ज्याच्यावर चर्चिलने नुकतीच जहरी कविता लिहिली होती, ते पुरावा म्हणून कसं चालेल?

आणि पैशाचंच बोलायचं तर त्याच डॉ. लॉइडचा मुलगा, कवी रॉबर्ट लॉइड, कर्जापायी फ्लीट तुरुंगात पडला तेव्हा त्याला तिथे दर आठवड्याला एक गिनी (एकवीस शिलिंग) चर्चिल देत होता.