‘एक ओळ बदलली आणि पूर्ण बिल लावलं’ या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार देताना लिहिलंय, की लिमिट्स.कॉन्फ या लिनक्सच्या सेटिंग-फाइलमधली उघड्या फाइलींची मर्यादा तुमच्या टीमने आधीच वाढवली होती, आम्ही फक्त एक ओळ बदलली, तीही भर दुपारी डेटाबेस रीस्टार्ट करून, आणि बिल पूर्ण लावलं. ग्राहक खोळंबलेले असताना रीस्टार्टचं ऐकून राग येणारच. तरीही ती ओळ का महत्त्वाची होती, हे सांगायलाच हवं.

सर्व्हरची मेमरी अर्धी रिकामी होती, डिस्कवर जागा होती, तरी नवीन कनेक्शन नाकारली जात होती. मायएसक्यूएलच्या, म्हणजे तुमच्या डेटाबेसच्या, लॉगमध्ये एरर २४ होती, म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा संपलेली. लिनक्समध्ये टेबलाची फाइल असो वा नेटवर्क कनेक्शन, दोन्ही याच मोजणीत येतात. तुमची टीम मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन) ५०० लिहीत होती आणि प्रत्यक्षात २१४च मिळत होती. हा आकडा दिसला की आम्ही थेट फाइल-मर्यादाच तपासतो. मर्यादा १०२४ असेल तर मायएसक्यूएल १० स्वतःसाठी आणि ८०० टेबल कॅशसाठी (उघडी टेबलं हाताशी ठेवण्यासाठी) राखतो, उरतात २१४.

तुमच्या टीमने लिमिट्स.कॉन्फमध्ये केलेला बदल बरोबरच होता, पण ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरला लागू होते. सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, सुरू केलेली सर्व्हिस ती वाचतच नाही. म्हणून टर्मिनलवर यूलिमिट ही मर्यादा दाखवणारी कमांड मोठा आकडा दाखवत होती आणि डेटाबेस मात्र १०२४वरच अडकला होता. खरी मर्यादा प्रॉक या चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या फोल्डरमध्ये, त्या प्रोसेसच्या लिमिट्स फाइलमध्ये दिसते. तिथे पाहिल्यावरच कारण पक्कं झालं. ते शोधण्याच्या कामाचं ते बिल आहे. मेमरी वाढवायचा सल्ला दिला असता तर तुमचा खर्च झाला असता आणि सर्व्हर तसाच पडत राहिला असता.

रीस्टार्ट टाळता येत नव्हता. चालू प्रोसेसची मर्यादा बाहेरून वाढवता येते, पण मायएसक्यूएल हा हिशेब सुरू होतानाच करतो. रात्रीपर्यंत थांबलो असतो तर तोवर कनेक्शन नाकारली जातच राहिली असती. तुमच्या टीमची परवानगी घेऊनच आम्ही ते केलं.

ती एक ओळ म्हणजे सर्व्हिसची फाइल-मर्यादा ठरवणारी सिस्टिमडीची लिमिटनोफाइल ही सेटिंग. ती वेगळ्या ओव्हरराइड फाइलमध्ये ठेवली आहे, त्यामुळे पॅकेज अपडेट झालं तरी ती पुसली जाणार नाही. सर्व्हरचं स्थलांतर केलंत तर ती फाइल सोबत न्या. नव्या जागी पुन्हा २१४ दिसलं तर फोन करा, त्याचे पैसे लागणार नाहीत.